बावीस नंबरचं पीठ

बोकडाने बोट ओलं केलं, पुडीतलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटून चघळलं आणि रुमालात थुंकून टाकलं. रुमाल पुन्हा खिशात गेला.

संशोधन केंद्रात मक्याचे नमुने दळणाऱ्या दळणबाईने नाक मुरडलं. "सर, तो तपासणीचा नमुना आहे."

"तुरट लागतंय," तो पुटपुटला.

"मग खाऊ नका."

मक्याच्या वाणांवर आयुष्य घालवलेल्या या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला सगळे सर म्हणत. बोकड हे नाव तिने ठेवलेलं, फक्त घरी बोलण्यापुरतं, कारण सरांचं तोंड दिवसभर चालू असे. कच्चे दाणे फोडायचे, चावायचे, थुंकायचे. मिशीत कायम पिठाचा थर. एकदा तर त्याने तिच्या टेबलाच्या कडेला अर्धा चावलेला दाणा विसरून ठेवला होता, लाळेने चकचकीत. तिने तो कागदात धरून उचलला आणि त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

तिचा स्वभाव टापटिपीचा. खुर्ची पुसल्याशिवाय बसणार नाही, पाण्याचा पेला कुलपात. काम मात्र झटपट. वहीत पहिला काळा मका, म्हणून आधी तो दळायचा. चक्कीत एक दमदार फुंकर, मग बावीस नंबर, फुंकर, पुढचा. जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या पुड्या चिठ्ठ्या लावून तयार. बोकडाने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "काळा शेवटी घ्या. फिकट वाण आधी." ती मनात हसली होती. फिकट पिवळा बावीस नंबर त्याचा स्वतःचा, अठरा वर्षं खपून तयार केलेला. लाडक्याला पहिला मान हवा होता, दुसरं काय! तिने वहीचा क्रम सोडला नाही.

या वेळी प्रकरण साधं नव्हतं. दाण्यातलं जे रंगद्रव्य शरीराला चांगलं म्हणतात, ते ज्या वाणात जास्त भरेल तो शाळांतल्या मुलांच्या जेवणात जाणार होता. काळ्या मक्यात ते ठासून भरलेलं, पण त्याची कणसं बोटाएवढी. तो नुसता तुलनेला ठेवलेला. खरी चुरस उरलेल्या चार वाणांत. मोजणी वरच्या मजल्यावर व्हायची, आकडे थेट संचालिकेकडे जायचे. तरी सोमवारी बातमी खाली झिरपलीच. बावीस नंबर पहिला आला होता, तोही कितीतरी पुढे.

सगळ्यांनी बोकडाचं अभिनंदन केलं. तो काही हसला नाही. तिच्या खोलीत आला, पुड्या उघडून पीठ चाटत बसला.

गुरुवारी डबा खाऊन ती लवकर परतली, तर चक्कीच्या खोलीचं दार आतून बंद. आत चक्की घरघरत होती. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. घामाने निथळलेला, भुवया पिठाने पांढऱ्या, हातात ओलं फडकं.

"काही हवं होतं का सर?"

"नाही, नाही. झालं." त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कचऱ्याच्या डब्यात तिच्या पुड्या फाडून टाकलेल्या होत्या, बावीस नंबर सगळ्यात वर. फळीवर नव्या पुड्या. चिठ्ठ्यांवर तिच्यासारखंच गोल अक्षर काढलेलं, पण थरथरतं.

तिला इतकी शिसारी आली की तिने हात दोनदा धुतले. स्वतःचा वाण पुढे रेटायला हा माणूस मुलांच्या ताटात खोटं वाढायला निघाला होता, आणि वर साळसूदपणे तिचं अक्षर गिरवत होता!

घरी ती नखं घासत बसली. नवरा म्हणाला, "जांभळं खाऊन आलीस वाटतं?"

"काळा मका आहे तो. चार वेळा धुतलं तरी निघत नाही मेला."

"आणि तुझा बोकड?"

"त्याचं नाव काढू नकोस, जेवण जाणार नाही मला. उद्या अर्ज देतेय. अशी घाण मुळापासूनच काढायला हवी."

अर्ज तिने तीनदा लिहिला. उद्या कुणी तिच्यावरच ढकलायला नको, म्हणून एक वाक्य ठळक केलं. सकाळी अर्ज दिला. दुपारी बोलावणं आलं.

संचालिकेच्या टेबलावर दोन कागद होते. "सर गेले," संचालिका म्हणाली. "काल संध्याकाळीच राजीनामा देऊन गेले."

"पकडले जाणार हे कळलं असेल त्यांना." तिने खुर्ची रुमालाने पुसली आणि बसली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"त्यांनी पुड्या बदलल्या, हे त्यांनीच लिहून दिलंय. नव्या पुड्यांची मोजणी आज झाली. बावीस नंबर चौथा आला."

"चौथा? चारांत?"

"शेवटचा. आधी पहिला आला, कारण त्याच्या पिठात काळा मका मिसळला होता. लिहितात, काळ्यानंतर चक्की न धुता मीच दळण केलं, चूक माझी एकट्याची, बाकी कुणाला जबाबदार धरू नये."

दळणबाईने हात टेबलाखाली घेतले.

संचालिकेने दुसरा कागद जवळ ओढला, चष्मा लावला आणि त्यातलं ठळक केलेलं वाक्य सावकाश वाचलं. "'गुरुवारपर्यंत या चक्कीला माझ्याशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही.'"