परगावची रांग

इवेट बाईंनी पहिलीच्या वर्गासाठी पदरमोड करून रंग, गोंद आणि लोकरीचे हातमोजे आणले आणि रीतसर करसवलत मागितली. पण सवलतीचा कायदा राजधानी ओटावात, संसदेत अजून मंजूरच झाला नव्हता. त्यामुळे ती मागणाऱ्या शिक्षकांचे प्राप्तिकराचे अख्खे परतावे अडकून पडले.

"मी नाही बाई मागितली. माझे पैसे केव्हाच आले," शेजारच्या वर्गावरची डोरीन म्हणाली. "तुला कुणी सांगितला होता एवढा शहाणपणा?"

इवेट बाईंना परताव्याच्या पैशांतून घर गरम ठेवायचं तेल भरायचं होतं. शेवटी ते पगारातून भरलं आणि महिनाअखेरीला फ्रिज रिकामा झाला. शनिवारी इवेट बाई गाडी काढून लांबच्या गावी गेल्या. तिथल्या चर्चच्या तळघरात गरजूंना शिधा वाटतात. एवढ्या लांब कोण ओळखणार! तरी त्यांनी टोपी कपाळावर ओढली, मास्क डोळ्यांपर्यंत चढवला आणि खाली बघत रांगेत उभ्या राहिल्या.

पुढची बाई मागे वळली. ती त्यांच्याच वर्गातल्या नोएलची आई होती! तिने मात्र यांना ओळखलं नाही.

"पहिल्यांदाच आलात वाटतं? अहो, मान वर करा," ती हळूच म्हणाली. "मीही अशीच लाजायचे. पण आमच्या नोएलच्या बाई वर्गात सांगतात, नसेल तर मागावं, त्यात लाज कसली?"

 

"खरंय हो," इवेट बाई आवाज बदलून म्हणाल्या.