खोतांची बसकी गाडी

अंबाजीच्या बांधावर चढली आणि शिवदास खोतांची गाडी तिथंच पोट टेकून बसली. पुढची चाकं खाचरात, मागची वाटेवर आणि मधे बांध. खोतांनी दातओठ खाऊन पाय दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धुळीचा लोट उठला आणि शेजारी बसलेल्या तलाठ्याचं डोकं टपावर आपटलं. तरी तो "काही नाही, काही नाही" म्हणाला. खोतांच्या घरून नुकताच जेवून निघाला होता बिचारा.

खाली उतरून बघायचं खोतांच्या मनातही आलं नाही. उतरलं की पायी उभं राहावं लागतं, आणि पायी उभा राहिलेला खोत इतर माणसांएवढाच दिसतो.

ही गाडी मुंबईच्या एका शेटजीकडून घेतली तेव्हा चांगली उंच होती. मग कुळकायदा आला आणि खोतांचं दुखणं सुरू झालं. जमिनी जाणार हे दुःख होतंच, पण रामरामाचं दुःख त्याहून मोठं. पूर्वी चौलच्या रस्त्यानं खोत निघाले की माणसं कमरेत वाकायची. आता उभ्या उभ्या मान हलवायची, काही तर तेवढीही तसदी घ्यायची नाहीत. खोतांनी विचार केला आणि इलाज काढला. गाडीच खाली आणायची! मग बोलायला येईल त्याला खिडकीशी वाकावंच लागेल. एवढं डोकं या माणसानं शेतीत चालवलं असतं तर तालुक्यात नाव झालं असतं.

अलिबागच्या दादू मेस्त्रीनं कमानींतले पाटे काढले आणि गाडी खाली आणून दिली.

"खोतसाहेब, आता धक्के झेलणारे शाकप पण बदला," तो म्हणाला. "गाडी बसली, जुने शाकप लांब पडतात. आपटून आपटून फुटतील."

"शाकप आत असतात ना? आतलं कोण बघतो?" खोत म्हणाले.

पंधरा दिवसांत शाकप फुटले. धक्का खाणारं गाडीत काही उरलं नाही, सगळे धक्के बसणाऱ्याच्या कमरेला. गाडी होडीसारखी डुलायची, रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्यावर पोट घासायची. पण खोत खूष होते. पोस्टमन वाकला, गुरव वाकला, वाणीसुद्धा वाकला. खोत मुद्दाम हळू आवाजात बोलायचे, म्हणजे माणसाला आणखी वाकावं लागायचं.

वाकला नव्हता तो एकटा अंबाजी. समोरून गाडी आली तरी तो ताठ चालत राही, आणि खोतांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. त्याच्या घराण्यानं हे खाचर तीन पिढ्या कसलं होतं, दर सुगीला जमिनीचा खंड म्हणून भात खोतांच्या ओटीवर नेऊन ओतला होता. त्याची पावती द्यायची रीत खोतांच्या घरी नव्हती. तेवढंच धरून खोतांनी हरकत घेतली होती : अंबाजी कूळ नव्हेच, मजुरीवरचा गडी आहे. गडी ठरला की त्याला त्या खाचरातलं ढेकूळही मिळणार नव्हतं. आज जागेवर जबाब घ्यायला तलाठी आला होता. बांधावर गाव जमलं होतं, पण खोतांविरुद्ध तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

"गाडी निघेल तेव्हा निघेल. तुम्ही लिहा," खोत म्हणाले. "अंबाजी आमचा गडी. रोजावर येत होता."

तलाठ्यानं मांडीवर कागद घेतला. अंबाजीची सगळी भाकरी त्या कागदावर होती.

तेवढ्यात अंबाजी बांधालगतच्या आपल्या घरातून धावत आला. सरळ खोतांच्या खिडकीशी आला आणि वाकला. आधी कमरेत, मग गुडघ्यांवर, मग पार जमिनीला कपाळ लागेपर्यंत. दोन्ही हात त्यानं गाडीकडे लांब केले. खिडकीतून खोतांना त्याची फक्त पाठ दिसत होती. पण काय ती पाठ! असं लोटांगण त्यांच्या बापालाही कुणी घातलं नव्हतं. खोतांचा ऊर भरून आला. त्यांनी मान बाहेर काढली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बघा तलाठी, बघा! परवापर्यंत ताठ होता! अहो, याचा आजा माझ्या आज्याचं कूळ, याचा बाप माझ्या बापाचं कूळ, आणि हा माझं कूळ! जन्मभर माझ्या ओटीवर खंड ओतलाय यानं. माझ्यापुढं वाकणार नाही तर जाईल कुठं?" मग त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला. "ऊठ अंब्या. केलं तुला माफ."

अंबाजी उठला. त्याच्या हातात एक कोंबडी होती, धुळीनं माखलेली, एका बाजूची पिसं उडालेली, पण जिवंत.

"तुमच्यासाठी न्हाय वाकलो, खोत," तो म्हणाला. "ही तुमच्या गाडीखाली अडकली व्हती."

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं गाव हसत सुटलं. खोतांचा हात वरच राहिला. तो खाली कसा आणावा, हेच त्यांना सुचेना.

अंबाजीनं कोंबडी काखेत धरली आणि गाडीला वळसा घालून तो तलाठ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथंही तो वाकला नाही. तलाठ्यालाच खिडकीतून डोकं काढून वर बघावं लागलं.

"भाऊसाहेब," अंबाजी म्हणाला, "खोत आत्ता बोलले तेवढं लिवून घ्या. आमी समद्यांनी ऐकलंय."