गाडीत काही दोष नाही

“दाब,” लेआर्को म्हणाला.

देल्माने दोन्ही हातांनी क्लच दाबला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी लाल मोटरसायकल खडखडू लागली.

“सोड आता.”

तिने सोडला. खडखड विरली, नुसती धडधड उरली.

“ऐकलंस? कोरडा क्लच आहे हा, तेलाविना चालणारा. आपल्याकडच्या सगळ्या लाल गाड्या अशाच बोंबलतात. यात काही नाही.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालास.”

“मग काय, दर वेळी तिला नवा आजार शोधू?”

तो हसला. ती हसली नाही.

“खालून काहीतरी ठकठकतंय,” ती म्हणाली. “नीट ऐक ना.”

लेआर्कोने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटले. फाएन्झा शहराच्या वरच्या टेकड्यांत या मेकॅनिकच्या कानाला मोठा मान होता. निदान जूनपर्यंत तरी होता.

जूनमध्ये देल्माचा नवरा साउरो खिंडीखालच्या वळणावर वळलाच नाही. गाडी सरळ कड्यावरून गेली. ती झुडपांत अडकली, तो थेट तळाशी गेला. त्याच आठवड्यात लेआर्कोने गाडीची सर्व्हिसिंग केली होती. पोलिसांनी मोघम लिहिलं: इंजिन जाम होऊन चाक अडकलं असावं. आणि बारमधला प्रिमो पत्ते पिसता पिसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “जाम झालं, बरोबर. पण सर्व्हिसिंग कुणी केली होती, तेही विचारा की!”

लेआर्कोने बारमध्ये जाणं सोडलं. साउरो त्याचा शाळेपासूनचा मित्र. देल्माही त्याच वर्गातली. गाडी वर काढल्यावर देल्माच म्हणाली की हिला पुन्हा चालू कर, मला ऐकायचंय. त्याने पुढच्या चाकाचा नवा चिमटा बसवला, नवं चाक बसवलं. तेव्हापासून ती येते आणि विचारते, हा आवाज बरा आहे ना?

ती का येते, हे लेआर्कोला पुरतं कळलं होतं. त्याला पकडायला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती येताना टोपलीभर प्लम आणायची, त्याने तो मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा.

“नेहमीचाच आवाज आहे,” डोळे उघडून तो म्हणाला. मग विषय बदलायला म्हणून, “घरी सगळं ठीक? थंडी येतेय. लाकडं पाठवू का?”

“लाकडं आहेत. साउरोने फोडून ठेवलीत. बारीक बारीक, माझ्या हातांना झेपतील अशी. भिंतभर रचलीत.”

“तसाच होता तो. तुझ्यावर जीव होता त्याचा.”

देल्माने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, “इंजिन उघडशील? सगळं?”

“उघडतो,” लेआर्को म्हणाला. होऊन जाऊ दे एकदाचं, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी त्याने तिला बोलावलं. टेबलावर पांढरी चादर अंथरून सगळं इंजिन त्याने सुटं करून मांडलं होतं. आपलं नावच तिथे मांडून ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं.

“हा पिस्टन. इंजिन जाम झालं असतं तर याच्या अंगावर ओरखडे असते. हात फिरव.”

तिने फिरवला. पिस्टन गुळगुळीत होता.

“ही बेअरिंगं. हा गिअरबॉक्स, एकही दात तुटलेला नाही.”

“चाक अडकलं असेल?”

“नाही.”

“ब्रेक?”

“गाडी कड्यावरून काढून आणली त्या दिवशीच पाहिले. उत्तम होते.”

“एखादा नट सैल राहिला असेल.” तिचा आवाज अगदी मऊ झाला. “विसरतो माणूस, लेआर्को. मला सांग. मी कुणाला सांगणार नाही. प्रिमोला तर नाहीच नाही.”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“देल्मा, आपण तिघं एका वर्गात शिकलो. माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगतो. त्या दिवशी ही गाडी ठणठणीत होती. तिने त्याला दगा दिला नाही. आणि मीही दिला नाही.”

बोलून झालं आणि त्याला रडू फुटलं. उन्हाळाभर छातीवर ठेवलेला दगड उतरला होता. आज बारमध्ये जायचं, प्रिमोच्या समोरच बसायचं आणि पत्ते मागायचे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्याने डोळे पुसले, कपाटातून वाइनची बाटली आणि दोन पेले काढले.

देल्मा पिस्टन हातात घेऊन बसली होती. वर बघतच नव्हती. तिलाही आता हलकं वाटत असेल, असं त्याला वाटलं. ती दर रविवारी सान रोक्कोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“आता शांतपणे लाव साउरोसाठी मेणबत्ती,” पेला तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला. “मनात काही न ठेवता.”

देल्माने पिस्टन चादरीवर जिथला तिथे ठेवला. हात पुसले, रुमाल डोक्याला बांधला. पेल्याला ती शिवलीही नाही.

“हिवाळ्याची लाकडं जूनमध्ये, आणि तीही माझ्या हातांच्या मापाची, कोण फोडतं, लेआर्को?”

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

“ती मेणबत्ती त्याच्यासाठी नव्हती. चूक तुझी निघावी म्हणून लावत होते.”