उलिपिकाची गाठ

काळ्या सुळक्यापाशी गाडी पुन्हा मेली. आधी आवाज पातळ झाला, मग चिरका, आणि इनूसीचा हात ब्रेककडे जाईपर्यंत सगळं गप्प. पुढे गोठलेला समुद्र, मागे गोठलेला समुद्र, मध्ये एक पिवळी स्नोमोबाईल. तिच्या मागे सामानाची लाकडी घसरगाडी. सामानावर कातडं अंथरलेलं, पण त्यावर बसायला कोणी नाही.

तो काही बोलायच्या आत छातीवरचा रेडिओच बोलला. गावात तो प्रत्येक स्वयंपाकघरात दिवसभर चालू असतो आणि बर्फावर गेलेला माणूस कुठे पोचला हे सगळ्यांना माहीत असतं.

“भावोजी, सुळका ओलांडला की सांगतो म्हणाला होतात,” मेहुणी मिआलिआ म्हणाली.

“सुळक्यापाशीच आहे.”

“मग आता तिथेच घर बांधा. पडदे मी शिवते.”

तीन-चार स्वयंपाकघरं एकदम हसली. कोणीतरी म्हणालं, त्या गाडीला गाव सोडवत नाही, आईच्या पदराआडचं लेकरू आहे ते. इनूसीलाही हसू आलं, पण मग मिआलिआने हसणं थांबवून कालचं ठरलेलं पुन्हा बोलून दाखवलं. जेपिटी, म्हणजे तिचा मुलगा, त्याला ओढून आणायला निघेल. आणि हे शेवटचं. यापुढे तळ्यावर जायचं तर जेपिटीच्या मागे बसून जायचं, एकट्याने नाही.

मागे बसून. पिठाच्या पोत्यासारखं. जिथे तो आणि त्याची बायको उलिपिका दर वसंतात मासे धरायला जात, त्या तळ्यावर यंदा पहिल्यांदा तो एकटा निघाला होता आणि त्याला तिथे एकट्यानेच पोचायचं होतं.

“थोडं थांब म्हणावं त्याला,” तो म्हणाला.

त्याने बॉनेट उघडलं. आता उरलं तरी काय होतं बघायला? हिवाळाभर त्याने हेच केलं होतं. प्लग बदलले. कार्बोरेटर जेवायच्या टेबलावर सुटा करून धुतला, आणि घरभर पेट्रोलचा वास झाला तरी ओरडायला कोणी नव्हतं. दोनदा पिस्टन भाजला, दोनदा नवा बसवला. गावात गाडी वाऱ्यासारखी पळायची. लांब काढली की इथे नाहीतर इथल्याच आसपास मान टाकायची.

त्याने प्लग काढून उन्हात धरला. पांढराफटक. म्हणजे तहानलेली. इंजिन टू-स्ट्रोक, त्याचं तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेलं. एक पोचलं नाही की दुसरंही पोचत नाही, आणि पिस्टन कोरडा घासत भाजतो. पण पेट्रोल पोचत का नाही?

“काका, टाकी तरी भरलीय ना?” रेडिओवर जेपिटीने विचारलं. दोन-तीन जण खुसखुसले.

“काठोकाठ,” इनूसी म्हणाला, आणि आपण खरं बोलतोय ना हे बघायला त्याने झाकण फिरवलं.

टाकीने श्वास ओढला. लांबलचक, घशातून. बर्फातल्या भोकातून वर आलेला सील पहिला श्वास घेतो ना, अगदी तसा.

इनूसी तसाच उभा राहिला. मग त्याने प्लग बसवला, झाकण लावलं, दोरी खेचली. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू.

पेट्रोल खाली जातं तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. ती नाही आली की टाकी पेट्रोल सोडत नाही. गावात चालवून बघताना तो टाकीत तळापुरतंच पेट्रोल घालायचा, वर हवाच हवा असायची. लांब निघताना काठोकाठ भरायचा. गाडी भरल्या पोटी गुदमरत होती.

त्याने हातमोजा काढला आणि टाकीतून निघणारी हवेची बारीक नळी बोटाने चाचपत वर नेली. नळी हँडलकडे गेली आणि तिथल्या सीलच्या कातड्याच्या आवरणात शिरली. हे आवरण उलिपिकाने मागच्या शरद ऋतूत शिवलं होतं. हात आत घातले की मनगटापर्यंत उबेत. “वारा शिरायला नको,” ती म्हणाली होती, “तुमची बोटं आता दुखतात.” तिने शिवलेल्या बुटातून पाणी कधी आत आलं नाही, तर वाऱ्याची काय कथा. वायरी आणि नळी एकत्र धरून तिने कॅरिबू हरणाच्या ओल्या स्नायूच्या धाग्याने आवळून गाठ मारली होती. तो धागा सुकताना आखडतो. नळी तिथे कागदासारखी चपटी झाली होती.

त्याने नखाने गाठ उकलते का पाहिलं. मग दाताने. तिची गाठ आजवर कोणाला सुटली होती? त्याने सुरी काढली आणि पातं धाग्याखाली सरकवलं.

“काका, निघू का मी?”

“नको. सापडलं.”

“काय होतं?” मिआलिआने विचारलं.

पातं धाग्याखालीच होतं. “झाकण,” तो म्हणाला. “झाकणच नीट नव्हतं.”

“अख्खा हिवाळा एका झाकणात घालवलात? आमची उलिपिका असती तर पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तिने.”

“हो,” इनूसी म्हणाला.

त्याने धागा न कापताच सुरी म्यानात घातली, दोन्ही हात आवरणात खुपसले आणि निघाला.

दुपारी त्या बाजूने कोणी गेलं असतं तर त्याला बर्फावर तळ्याकडे गेलेला एकाच गाडीचा पट्टा दिसला असता. सुळक्यापासून पुढे, थोड्या थोड्या अंतरावर, पट्ट्याच्या डाव्या अंगाला बुटांचे दोन ठसे. प्रत्येक वेळी पट्ट्याकडे तोंड करून, टाकीचं झाकण फिरवायला कोणी उतरल्यासारखे.