सहा पायऱ्यांचं काम

"आधी लिंबू की आधी पाणी?" मुलीने विचारलं.

"आधी तू गप्प बस," आई म्हणाली. "ऐन परीक्षेच्या दिवशी कोणी पाठ म्हणून घेतं का?"

मुलीला हसू आलं नाही. दहा वाजता एकट्या वृद्धांची पाहणी करणाऱ्या संस्थेच्या बाई येणार होत्या आणि पावणेदहा होऊन गेले होते. आईला दिवसभर घरात एकटं ठेवता येईल की वृद्धाश्रमात हलवावं लागेल, हे आज ठरणार होतं. बाईंची अट साधी होती. घरातलं पाच-सहा पायऱ्यांचं एखादं काम, कुणालाही न विचारता, क्रमाने करून दाखवायचं.

काम मुलीनेच निवडलं होतं, मायक्रोवेव्ह साफ करायचं. त्यात जाळ नाही, सुरी नाही, बाजारातलं जळजळीत औषध नाही. काचेच्या वाटीत पाणी घ्यायचं. कापून ठेवलेलं लिंबू त्यात पिळून सालंही तिथेच टाकायची. वाटी आत ठेवून तीन मिनिटं चालू करायचं. मग पाच मिनिटं दार उघडायचं नाही, वाफेने डाग सुटू द्यायचे. आतली फिरती काच खायच्या सोड्याने घासायची आणि शेवटी मऊ फडक्याने सगळं पुसून घ्यायचं.

आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मायक्रोवेव्ह इतका लख्ख झाला होता, की आज डाग हवेत म्हणून सकाळी त्यात मुद्दाम दूध उतू जाऊ द्यावं लागलं.

आईची चूक मात्र रोज नवी. एकदा पाणीच विसरली, एकदा लिंबाच्या जागी कांदा घेतला, एकदा फडक्याने स्वतःचं तोंड पुसलं. मुलगी रागवायची नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि लाल डोळ्यांनी बाहेर यायची.

आईचं हे विसरणं सहा महिने असंच चाललं होतं. गॅस दोनदा उघडा राहिला, दोन्ही वेळा खिडक्या सताड उघड्या होत्या म्हणून निभावलं. दूध आणायला गेलेली आई एकदा बागेत बसलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, तपासण्यांत फारसं काही दिसत नाही, पण वय आहे, जपा. मुलगी जपत होती. ऑफिसने दुसऱ्या शहरात वरची जागा देऊ केली होती, ती तिने दोनदा नाकारली. तिसरा नकारही लिहून पर्समध्ये तयार होता.

"तुला मी कुठेही पाठवणार नाही," ती पुन्हा म्हणाली.

"पाठवून तर बघ. या घरातून मी आडवीच निघेन."

बाई वेळेवर आल्या. चहा नको म्हणाल्या आणि वही उघडून ओट्याशेजारी स्टुलावर बसल्या.

"करा आजी. घाई नाही."

आईने वाटी घेतली, पाणी घेतलं. लिंबू पिळलं, सालं टाकली. दारात उभ्या असलेल्या मुलीचे ओठ आईच्या हातांबरोबर हलत होते. वाटी आत गेली. मुलीने सुटकेचा श्वास सोडला.

आई जरा थांबली. इकडेतिकडे बघितलं, बेसिनमधली तारेची घासणी उचलली, वाटीला टेकवून ठेवली, दार लावलं आणि बटण दाबलं.

चटचट ठिणग्या उडाल्या. मुलगी धावली, पण त्याआधीच घरातली वीज गेली होती. बाईंनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. ओट्यावर जळका वास पसरला.

"या बाई कोण गं?" आईने विचारलं.

मुलीचा धीर सुटला. "काल तिने पाच पायऱ्या बरोबर केल्या होत्या हो. तुम्हाला बघून बावरली ती. एकदा, फक्त एकदा पुन्हा या. पुढच्या आठवड्यात. मी पाया पडते तुमच्या."

बाईंनी कागदावर टेकवलेलं पेन उचललं. अशा घरांतून त्या रोज हिंडत होत्या, तरी त्यांनाही भरून आलं. "निकाल आज लिहिलाच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "बघते मी. आधी वीज तरी आणा."

मुलगी डोळे पुसत मुख्य बटण लावायला तीन मजले खाली गेली.

तिची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर आईने खुर्ची ओढली आणि बाईंच्या समोर बसली.

"पुढच्या आठवड्याचं काही ठेवू नका, बाई. पाणी, लिंबू, तीन मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद दार, काचेला सोडा, शेवटी फडकं. अजून काही विचारायचं असेल तर विचारा."

बाईंनी स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

"मला इथून जायचं नाहीये. नुसत्या विचारानेही जीव तुटतो. पण मी राहिले तर ती इथून हलायची नाही, आणि मी मेल्यावर तिच्याजवळ ना आई उरेल, ना नोकरी, ना कोणी माणूस. सहा महिने झाले, नव्या नव्या चुका शोधून मी दमले हो. आता लिहा लवकर, ती जिना चढतेय."