मोहरीएवढा उशीर

"सूर कानाचा, ताल हाताचा! माझ्या हाताकडे बघा रे पोरांनो. शेजाऱ्याचं ऐकून वाजवाल, तर शेजाऱ्याबरोबर बुडाल!"

कारखान्याच्या बँडचा म्हातारा मास्तर जाऊन जमाना लोटला होता, पण त्याचा तो खरखरीत आवाज आज सकाळपासून संगीतकाराच्या कानात घुमत होता. त्या बँडमध्ये दोन पोरं शेजारी शेजारी उभी असायची. एक तो स्वतः, दुसरा भोंगा. ट्रम्पेट हातात आलं त्याच दिवशी अख्खी गल्ली झोपेतून उठवली, म्हणून पडलेलं नाव. केस पिकले तरी ते काही पुसलं गेलं नव्हतं.

त्या भोंग्याला आज बँडमधून काढायचं होतं.

तालमीच्या हॉलमध्ये संगीतकार येरझाऱ्या घालत होता. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. कोटाचं बटण काही केल्या काजात जाईना, तेव्हा ड्रमचे स्क्रू आवळत बसलेली लेक उठली आणि तिनं ते लावून दिलं.

"बसा ना बाबा जरा. फरशी झिजेल."

"उद्या रेकॉर्डिंग आहे."

"मग? सगळे तयार आहेत."

"सगळे नाहीत."

लेक पुन्हा स्क्रूकडे वळली.

हॉटेलांतल्या नाचाच्या संध्याकाळी, जहाजांवरचे हंगाम, रेडिओ, रेकॉर्डी. सगळं भरतीसारखं आलं आणि ओहोटीसारखं गेलं. जॅझचे दिवस फिरले तसे मोठमोठे बँड मोडले, वादकांनी वाद्यं विकून दुकानं टाकली. संगीतकारानं मात्र आपली माणसं पदराखाली धरून ठेवली. नवी चाल लिहिली की तीत एक जागा भोंग्याची असायचीच, पंगतीत घरच्या माणसाचं पान असावं तशी.

उद्याची रचना त्यानं हिवाळ्यात लिहिली होती, अर्धी दवाखान्याच्या खाटेवर. एवढं मोठं काही पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या मधोमध सगळा बँड एकदम थांबतो. श्वासही ऐकू येत नाही. आणि मग सगळे मिळून एकाच ठोक्यावर कोसळतात, ट्रम्पेट सगळ्यांच्या वर. तो ठोका फुटला की रचना फुटली.

वादक जागेवर बसले, तशी लेकीनं काठ्या चार वेळा एकमेकींवर वाजवून मोजणी दिली. पूर्वी ही मोजणी तो द्यायचा, चुटक्या वाजवत, गरजत. दवाखान्यातून आल्यावर "घसा बसेल तुमचा" म्हणत ते काम तिनं मागून घेतलं होतं.

बँड उसळला. सॅक्सोफोनवाल्यांनी, ट्रॉम्बोनवाल्यांनी, कुणीच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा ऊर भरून आला. काय मुरलंय यांच्यात! एकटा भोंगा तेवढा डोळे फाडून त्याच्याकडे बघत होता, धडा पाठ नसलेल्या पोरानं गुरुजींकडे बघावं तसा.

ती जागा आली. सगळे थांबले. संगीतकारानं हात खाली आणला.

बँड कोसळला, आणि मोहरीएवढा मागून ट्रम्पेट.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा मोहरी. पुन्हा. आणि पुन्हा.

"भोंगाच उशिरा वाजला, तर कामगारांनी काय करायचं!" ट्रॉम्बोनवाला पुटपुटला.

कुणी हसलं नाही. लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं वाद्याची नळी पुसायला लागला.

चहाची सुट्टी झाली. संगीतकारानं कप उचलला, बशीत थोडं सांडलं, तसाच खाली ठेवला.

"बाबा, काकांना राहू द्या."

"अगं, ही रेकॉर्ड मी गेल्यावरही वाजणार. लोकांच्या दाताखाली तो खडा यायचा कायमचा?"

"काकांना काढलंत, तर या बँडमध्ये तुमचं म्हणून कोण उरेल?"

"तू आहेस की."

तिनं काठ्या पिशवीत घातल्या, बाहेर काढल्या, पुन्हा घातल्या.

भोंगा वाद्यांच्या खोलीत एकटाच बसला होता. ट्रम्पेट मांडीवर आडवं, हातात मऊ फडकं. संगीतकार दारात उभा राहिला. घरून येताना जुळवलेली सगळी गोड वाक्यं उंबऱ्यावरच गळून पडली.

"तुला उशीर होतोय."

"होतोय."

"कळतं तुला?"

"कान शाबूत आहेत अजून."

"मग लेका, सगळ्यांबरोबर पड ना! एवढं अवघड आहे का ते?"

"अवघड कसलं? डोळे मिटले की बरोबर पडतं."

"तर मग मीट!"

भोंगा हसला. "मास्तरानं कान उपटले असते."

"चेष्टा पुरे." संगीतकाराचा आवाज चिरकला. "उद्या तू नाहीयेस. तुझी जागा दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला देतोय. वाईट वाटून घेऊ नकोस."

भोंग्यानं ट्रम्पेट पेटीत ठेवलं, फडकं घडी करून त्यावर पांघरलं, कड्या लावल्या. उठून जवळ आला. मित्राचा उजवा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला, थंडीत गारठलेलं पाखरू धरावं तसा.

"पोरीनं शपथ घातली होती, म्हणून हिवाळ्यापासून दात आवळून बसलोय," तो म्हणाला. "बाकीचे सगळे तिच्या काठ्यांकडे बघून वाजवतात रे. तुझ्या हाताकडे बघून वाजवणारा मी एकटाच उरलोय."