आवाज ओळखणारी जाई

नवरा केदार रोज संध्याकाळी शर्टाला जाईचा वास घेऊन घरी यायचा आणि मृण्मयीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेट्रो कायमची बंद झाली तेव्हा तिच्या उंच पुलावर बाग झाली होती. तिथल्या जाईच्या वेली ओळखीचा आवाज ऐकला की कळ्या उघडत, म्हणून जो तो एकेक वेल दत्तक घेऊन तिच्याशी बोलत बसे. केदारच्या वेलीपाशी मात्र कुणा तरुण बाईचा आवाज येतो, असं शेजारच्या देवयानीनं तिखटमीठ लावून सांगितलं.

शेवटी गुडघे धरत मृण्मयी पुलाचा जिना चढली. जुन्या फलाटावर केदार एकटाच बसला होता. त्याच्या फोनमधून कोवळा, खणखणीत आवाज येत होता, "पुढील स्थानक, चिंचबन. दरवाजे डावीकडे उघडतील." आणि वेलीवर कळी न् कळी उमलत होती.

तो आवाज तिचाच होता, पंचविशीतला. मेट्रोच्या घोषणा तिनंच दिल्या होत्या.

"माझ्या आवाजाला ही वेल दाद देईना," केदार ओशाळून म्हणाला. "आणि मेट्रो गेल्यापासून तू पुलाचं नावसुद्धा काढू देत नाहीस."

मृण्मयी वेलीजवळ वाकली आणि आताच्या घोगऱ्या आवाजात तेच वाक्य म्हणाली. एकही कळी हलली नाही.

"ती तुला ओळखत नाही गं," तो हळूच म्हणाला.

मृण्मयीनं फोन बंद करून त्याच्या खिशात कोंबला.

"उद्यापासून मी येणार," ती म्हणाली. "त्या बाईला घरी ठेवून यायचं."